जोनास थर्लबीचा बाप

आमच्या वेस्ट हार्लो गावात थर्लबी आडनावाची माणसं जमिनीखाली जास्त आणि जमिनीवर कमी. वर उरलो आम्ही मोजकेच. मी एमरी, माझी बायको डोरीन, लांबचा चुलतभाऊ रॉयल आणि त्याचं बिऱ्हाड, आणि माझ्या वडिलांची धाकटी बहीण ऑगस्टा. तिला सगळे गस्सी म्हणतात, पण तोंडावर म्हणण्याची हिंमत आम्हा घरच्यांनाच. बाकी गावाच्या दृष्टीने ती मिस थर्लबी. शाळेत उभी हयात लॅटिन शिकवलं तिने. गावातली अर्धीअधिक माणसं तिच्या हातून नापास झालेली आहेत, रॉयल तर दोनदा.

जमिनीखालच्यांत सगळ्यात जुना जोनास थर्लबी. पावणेचारशे वर्षांपूर्वी तो इंग्लंडातून जहाजाने मॅसॅच्युसेट्सला आला आणि दगडगोटे उपसून त्याने इथली पहिली शेतं केली. त्याच्या थडग्यावरची पाटी माझ्या आजोबांच्या वेळेपासून दुभंगलेली होती. एका हिवाळ्यात बर्फाने तिचे उरलेसुरले तुकडेही केले. गावाचा मोठा वाढदिवस जवळ आला होता, म्हणून गावसभेत ठरलं की पहिल्या घराण्यांच्या मूळपुरुषांना नवे दगड बसवायचे. दगडावर काय कोरायचं ते त्या त्या घराण्याने सांगायचं. इतरांनी भराभर सांगितलं, अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा. आमची पाळी आली तशी गस्सी आत्या उठली.

"सर एडमंड थर्लबी यांचे कनिष्ठ पुत्र. मुक्काम ऑर्बी, परगणा लिंकनशर," ती म्हणाली, आणि वर्गात गृहपाठ सांगून झाल्यासारखी खाली बसली.

आमच्या घरात हे कुणाला नवीन नव्हतं. तिच्या दिवाणखान्यात शेकोटीच्या वर निळ्या ढालीवर तीन सोनेरी पक्षी रंगवलेलं चित्र होतं. पणजोबांनी ते बॉस्टनच्या कुठल्याशा माणसाकडून करून घेतलं होतं. आपण सरदाराच्या रक्ताचे, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलो होतो. माझा त्यावर विश्वास होता असंही नाही आणि नव्हता असंही नाही. हिवाळ्यात मी गावच्या रस्त्यांवरचं बर्फ नांगराच्या गाडीने साफ करतो, उन्हाळ्यात सफरचंदाची बाग बघतो. दोन्ही कामांत सरदाराच्या रक्ताचा काही उपयोग होत नाही.

पण मागच्या बाकावरून रॉयल उठला. रॉयल नळजोडणीचं काम करतो, आणि गळती कुठे आहे हे त्याला दुसऱ्यांआधी कळतं.

"पुरावा काय, आत्या?"

"खाली बस, रॉयल."

"बसतो. पण दगडावर कोरलेलं खोडता येत नाही. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात ते उगाच नाही. नुसतं नाव घाला ना. बापाचं नाव नसलं म्हणून दगड काय पडतो?"

सभागृहात हशा झाला. आत्याच्या गालांवर दोन लाल ठिपके उमटले. शाळेत ते दिसले की आम्ही पुस्तकात डोकं खुपसायचो.

"पुरावा मी आणते," ती म्हणाली.

आणि खरोखरच वसंतात तिने इंग्लंडची दोन तिकिटं काढली. दुसरं माझं. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणं तिला मंजूर नव्हतं. डोरीन म्हणाली, "जाऊन ये. बर्फ नसलेल्या रस्त्यावर गाडी कशी चालते ते तरी बघशील." निघताना आत्याच्या पिशवीत चार छोटी पाकिटं होती. गालाच्या आतून काडी फिरवायची आणि ती प्रयोगशाळेला पाठवायची, ती. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जी रक्ताची रेघ जाते ती त्यात कळते. एक पाकीट माझ्यासाठी, एक रॉयलसाठी, आणि दोन तिकडे कुणी थर्लबी भेटले तर. रॉयलने आपलं परत केलं होतं. "माझी थुंकी माझ्याच तोंडात बरी," तो म्हणाला होता.

ऑर्बीला आम्ही पोचलो तेव्हा ऊन होतं. चर्च उघडायला एक बाई आल्या, पायांत चिखलाचे रबरी बूट, हातात वीतभर किल्ली. आत उजव्या हाताला सर एडमंडचं थडगं. संगमरवरात तो आणि त्याची बायको हात जोडून पडलेले आणि खाली, चौथऱ्याच्या अंगाला, त्यांची मुलं ओळीने गुडघे टेकून बसलेली. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. प्रत्येकाखाली नाव. आत्या वाकून एकेक नाव वाचत पुढे सरकत होती. शेवटच्या, सगळ्यांत लहान मुलापाशी ती थांबली.

"जोनास," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. "एमरी, बघ. हा आपला जोनास."

मी वाकलो. फूटभर उंचीचं पोरगं, गळ्याभोवती चुणीदार पट्टा, नाक झिजलेलं. त्याच्या हातात काहीतरी गोल होतं.

"चेंडू आहे का हो हा?" मी बाईंना विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. "नाही. ती कवटी आहे. जी मुलं आईबापांच्या आधी गेली त्यांच्या हातात कवटी देत असत. बघा ना, त्या दोन मुलींच्या हातातही आहे."

आत्याने थडग्यावरचं साल वाचलं. बोटांवर काहीतरी मोजलं. मग परत वाचलं. आमचा जोनास जहाजावर चढण्याआधी बरीच वर्षं हे थडगं उभं राहिलं होतं, आणि हा जोनास त्याही आधी गेला होता.

ती समोरच्या बाकावर बसली. मला वाटलं आता चिडेल, बाईंना जाब विचारेल, निदान पाथरवटाची चूक काढेल. पण ती नुसती त्या पोराकडे बघत राहिली.

"बिचारं लेकरू," ती अखेर म्हणाली. "खेळायच्या वयात गेलं, आणि आम्ही खुशाल त्याचं नाव आमच्या ताटात वाढून घेतलं."

बाईंना आमची दया आली असावी. चर्चला कुलूप घालता घालता त्या म्हणाल्या, "थर्लबीच हवे असतील तर स्केल्बीला एक आहे. क्लेम थर्लबी. दलदलीकडचा. पण सरदार वगैरे नाही हं."

मी आत्याकडे पाहिलं. परत फिरू या असं ती म्हणेल अशी माझी खात्री होती. ती गाडीत बसली, पट्टा लावला आणि म्हणाली, "जेवण तर कुठेतरी करायचंच आहे."

स्केल्बी म्हणजे सपाट जमीन, तिला कापत गेलेले सरळसोट पाण्याचे चर, आणि बाकी सगळं आभाळ. गावात एक चर्च, एक पब आणि तीसेक घरं. पबच्या दारात एक उंच, वाकलेला म्हातारा फुलांच्या कुंडीतलं तण काढत होता. मी क्लेम थर्लबीची चौकशी केली.

"तोच मी. या आत, या. बाहेर काय उभ्या, बदकुले?"

आत्या जागच्या जागी थबकली. "एमरी, हा मनुष्य मला बदक म्हणाला?"

"इथे सगळ्यांनाच म्हणतात. पेट्रोल पंपावरच्या दाढीवाल्याने मलाही म्हटलं."

"मला एक्काहत्तर वर्षांत कुणी म्हटलेलं नाही."

"मग उशीरच झाला म्हणायचा," क्लेम म्हणाला, आणि त्याने तिच्यासाठी दार धरलं.

क्लेम विधुर होता. हयातभर त्याने चरांमधलं पाणी उपसणाऱ्या पंपांवर काम केलेलं. आता फुलं लावायचा आणि चर्चच्या घंटा वाजवायचा. आमची हकीकत त्याने नीट, मध्ये न बोलता ऐकून घेतली. कवटीचं ऐकून हळहळला. मग म्हणाला, "आमच्यात सरदार-बिरदार कुणी नाही. आम्ही चिखलातली माणसं. आणि तुमचा जोनास इथला की नाही हेही कुणी सांगू शकणार नाही. जुन्या काळी मोठा पूर आला होता, त्यात चर्चची बाप्तिस्म्याची बाडं भिजून लगदा झाली. त्या वर्षांत इथे कोण जन्मलं हे देवाला ठाऊक, आणि तो बोलत नाही."

"काडी फिरवून घ्याल का गालातून?" आत्याने विचारलं आणि पाकीट पुढे केलं.

"दुखतं का?"

"लॅटिनपेक्षा कमी," मी म्हणालो.

क्लेमने आ वासला तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि एक बुटका, लालबुंद माणूस आत आला.

"क्लेम! माझ्या हंसाला पुन्हा झाडूने मारलास!"

"तुझा हंस माझा वाटाण्याचा वेल खात होता, मॉरिस."

"खाणारच. तोंड आहे त्याला."

हा मॉरिस कपलडिच. चराच्या पलीकडे त्याचं घर. त्याच्या घराण्यात कित्येक पिढ्या हंस पाळायचा धंदा. हंस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कमळं येतात, पण हे हंस म्हणजे लठ्ठ, चावरे आणि दिवसभर बोंबलणारे. क्लेम आणि मॉरिस दोघं त्या चराच्या दोन काठांवर जन्मापासून भांडत आले होते. दोघांचे बापही भांडायचे. पण संध्याकाळी बसायचे पबच्या एकाच टेबलाशी. भांडायला दुसरं होतं कोण?

क्लेमच्या तोंडातली काडी बघून मॉरिस राग विसरला. "हे काय चाललंय? फुकट आहे का? मग मलाही द्या."

"अहो, पण तुम्ही थर्लबी नाही," आत्या म्हणाली.

"तोंड आहे ना मला!"

आत्या हसली. रॉयलने परत केलेलं पाकीट तिने त्याला देऊन टाकलं.

त्यानंतर आमचा बेत लंडनला जायचा होता. आत्याला तिथलं मोठं संग्रहालय बघायचं होतं. रोमन शिलालेखांची यादी तिने घरून करून आणली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशव्या गाडीत टाकल्या तर ती म्हणाली, "उतरव त्या. क्लेम आज घंटा दाखवणार आहेत."

"आणि लंडन?"

"लंडन रोमनांच्या वेळेपासून तिथेच आहे. आठवडाभरात कुठे पळून जात नाही."

घंटा बघायला मीही गेलो. मनोऱ्यात सहा दोर लोंबत होते. क्लेमने तिच्या हाती एक दोर दिला आणि स्वतः मागे उभा राहिला. "ओढायचं नाही, बदकुले. घंटेला वाटलं पाहिजे की तिला स्वतःलाच यायचंय. आणि वर गेली की सोडायचं. धरून ठेवलंस तर तुलाही वर नेईल." आत्याने ओढलं. वरून असा काही घणघणाट झाला की मी कानांवर हात घेतले. दोर सापासारखा वर गेला, तिने तो सोडला, पुन्हा झेलला. तिचा अंबाडा सुटला होता. आयुष्यात तिचा अंबाडा सुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"पुन्हा," ती म्हणाली.

आठवडाभर हेच चाललं. सकाळी घंटा, दुपारी चराच्या काठाने चालणं, संध्याकाळी पबमध्ये मॉरिसच्या तक्रारी. मी डोरीनला फोनवर म्हणालो, "पुरावा काही मिळत नाहीये." ती म्हणाली, "आत्या कशी आहे?" मी म्हणालो, "गातेय." मग डोरीन म्हणाली, "एमरी, तू फार चांगला नवरा आहेस, पण तुला कधी काही दिसत नाही."

परत आल्यावर आत्याचे दर रविवारी इंग्लंडला फोन सुरू झाले. विचारलं की म्हणायची, संशोधन चालू आहे. गावच्या समितीने दगडाच्या मजकुरासाठी तिच्याकडे माणूस धाडला. त्याला तिने सांगितलं, सर एडमंडचं नाव घालू नका, बाकीचं नंतर कळवते. ही बातमी रॉयलला दुपारपर्यंत कळली. मला वाटलं आता तो पेढे वाटेल. पण तो संध्याकाळी तिच्याकडे गेला, तिचा जुना गळका नळ न सांगता दुरुस्त केला आणि त्या विषयावर अवाक्षर न बोलता घरी आला. शेकोटीवरची ढाल तोवर तिने उतरवली होती. ढालीच्या मागचा भिंतीचा रंग नव्यासारखा ताजा होता, एवढंच काय ते रॉयलने आम्हाला सांगितलं.

निकाल आले ते सफरचंदांच्या दिवसांत. मी आणि रॉयल खोपटात रस काढत होतो. डोरीन फळं धुऊन देत होती, अंगावर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. आत्या तरातरा चालत आली. हातात छापलेले कागद.

"जुळलं नाही," ती म्हणाली.

मी चरकाचा दांडा सोडला. "क्लेमशी?"

"क्लेमशी. काही म्हणजे काहीच नाही. रक्ताचा थेंबभरही संबंध नाही."

मला खरंच वाईट वाटलं. तो म्हातारा मला आवडला होता. आपला कुणी निघाला असता तर बरं वाटलं असतं. "जाऊ दे आत्या," मी म्हणालो, "निदान बघून तरी आलो."

आणि आत्या हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग मोठमोठ्याने. तिला खुर्ची द्यावी लागली. डोरीनने हात पुसले आणि तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पुढचं काय ते तिला आधीच ठाऊक आहे.

"त्याने मला लग्नाचं विचारलंय," आत्या म्हणाली. "ऑगस्टमध्येच. मी म्हटलं, निकाल येईपर्यंत थांबा. सगोत्र निघालो तर मला नाही चालायचं."

रॉयलच्या हातातलं सफरचंद खाली पडलं. "अहो आत्या, बारा पिढ्यांपूर्वीचं नातं कोण धरतं?"

"मी धरते. मी धरत आले म्हणून तर तुम्हाला तुमच्या पणज्यांची नावं माहीत आहेत." तिने डोळे पुसले. "आता थांब. दुसरं पान आहे. ते ऐकून तुला फार आनंद होणार आहे, म्हणून मी ते तुझ्यासमोरच वाचते." तिने चष्मा सावरला. "एमरीची रेघ जुळते. आणि अगदी चांगली जुळते. मॉरिस कपलडिचशी."

"तो हंसवाला?" मी ओरडलो.

"तोच."

रॉयल ओणवा झाला. त्याच्या हसण्याने फळीवरच्या बाटल्या किणकिणल्या. "म्हणजे सरदाराचे आपण हंसराखे!"

"हस पोट भरून," आत्या म्हणाली. "पण एक गोष्ट लक्षात घे. ही रेघ कुठे बदलली ते कळलेलं नाही. कदाचित फक्त एमरीच्या घराण्यात काही भानगड झाली असेल. तू जोनासच्या थोरल्या मुलाच्या शाखेतला, हा धाकट्याच्या. तू खरा थर्लबी असशील. किंवा आणखी काहीही असशील."

रॉयलचं हसू थांबलं. तो म्हणाला, "आणा ती काडी."

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत त्याचाही निकाल आला. मॉरिसशी जुळलं, माझ्याशी जुळलं. दोन्ही मुलांच्या शाखा एकच सांगत होत्या, तेव्हा शंका उरली नाही. जोनास स्वतःच कपलडिचांच्या रक्ताचा होता, आणि नाव घेऊन आला होता थर्लबींचं. चराच्या या काठावरून त्या काठावर काहीतरी गेलं होतं. काय ते कधीच कळणार नाही. डोरीनचं म्हणणं, पोरकं मूल शेजाऱ्यांनी वाढवलं असेल. रॉयलच्या मते कपलडिचाच्या विधवेने थर्लबीशी पाट लावला असेल आणि पोराने सावत्र बापाचं नाव घेतलं. मला वाटतं एखाद्या थर्लबीणीचा जीव चरापलीकडच्या माणसात गुंतला असावा. अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर आम्हाला हा विषय पुरला. आत्या कुणाचंच म्हणणं खोडत नसे. "शक्य आहे," एवढंच म्हणायची. शाळेत तिने हा शब्द कधी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

स्केल्बीला तिने फोन केला तेव्हा मी तिथेच होतो. क्लेमला दोन्ही बातम्या एकदम सांगितल्या. पहिलीवर तो इतक्या मोठ्याने ओरडला की फोनमधून मला ऐकू आलं. दुसरी त्याने तिला पुन्हा सांगायला लावली.

"म्हणजे मॉरिस माझा सोयरा होणार?"

"लांबचा."

"चराइतका लांब," क्लेम म्हणाला. "बरं. वाटाणे दुसरीकडे लावतो."

फेब्रुवारीत गावसभा होती. बाहेर कडाक्याची थंडी. मी नांगराची गाडी तशीच दाराशी लावून आत गेलो. आत्या उठली. सगळे सावरून बसले.

"गेल्या वर्षी मी इथे एक विधान केलं," ती म्हणाली. "ते चूक होतं. सर एडमंडचा जोनास लहानपणीच वारला. आपला जोनास स्केल्बीचा. त्याचं नाव एका घरचं आणि रक्त शेजारच्या घरचं. रक्ताच्या बाजूने आम्ही हंस पाळणारे. त्याचा बाप कोण हे मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. दगडावर काय घालावं हे मला सुचत नाहीये. कुणाला सुचत असेल तर मी ऐकते."

कुणीही हसलं नाही. मिस थर्लबी 'मला माहीत नाही' म्हणताना गाव पहिल्यांदा ऐकत होतं. मग मागच्या बाकावरून रॉयल उठला. टोपी हातात घेतलेली.

"गावाचं नाव घाला, आत्या. 'स्केल्बीचा मुलगा.' दोन्ही घरं त्यात आली."

आत्याने मान कलती करून ते मनात तपासलं. लॅटिनमध्येही तपासलं असावं. "उत्तम, रॉयल," ती म्हणाली. गृहस्थ पन्नाशीचा, पण कानापर्यंत लाल झाला. पुढे जूनमध्ये दगड बसला तोही तसाच, 'जोनास थर्लबी, स्केल्बीचा मुलगा', आणि ओळंबा धरून तो सरळ बसवला रॉयलनेच.

लग्न त्याआधी, मे महिन्यात झालं, स्केल्बीच्या चर्चमध्ये. आम्ही तिघंही गेलो. डोरीन, मी आणि रॉयल. आत्याला चर्चमध्ये हात धरून कुणी न्यायचं हा प्रश्न होता. हक्क माझा होता, आणि मी त्यासाठी नवा कोटही घेतला होता. आदल्या दिवशी आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "रुसू नकोस. पण मॉरिसने विचारलंय. म्हणतो, माहेरचा माणूस इथे मीच ना."

मी कसला रुसतोय! दुसऱ्या दिवशी मॉरिस आला तो ओळखू येईना. दाढी गुळगुळीत, केस पाण्याने बसवलेले, कोट बहुधा त्याच्या बापाचा. त्याने आत्याला कोपर दिलं आणि इतक्या ताठ मानेने चालला की मधल्या वाटेवर दोनदा अडखळला. आत्याने करड्या निळ्या रंगाचा साधा झगा घातला होता. क्लेम पुढे उभा होता. ती जवळ येईपर्यंत त्याला दम धरवला नाही. दोन पावलं पुढे येऊन त्याने तिचा हात घेतला, तेव्हा पाद्रीबुवांनी त्याला हळूच मागे सारलं.

"कोण देतं या वधूला?" पाद्रीबुवांनी विचारलं.

"मी. कपलडिच," मॉरिस म्हणाला. "आणि हा शेजारी नालायक आहे हे तिला सांगून झालंय. ती ऐकत नाही."

चर्च हसलं. आत्याही हसली. मग तिने शपथ घेतली, स्वच्छ, खणखणीत आवाजात, एकही शब्द न चुकता.

जेवण पबमध्ये होतं. पातळ कापलेलं थंड मांस, मनुकांच्या पावावर चीज, आणि मॉरिसच्या घरून एक भाजलेला हंस. मॉरिस तो स्वतः कापून वाढत होता आणि प्रत्येकाला त्या हंसाचं नाव सांगत होता. रॉयलने खाणं थांबवलं, जरा विचार केला आणि परत सुरू केलं. थोड्या वेळाने पाहिलं तर तो आणि मॉरिस पबच्या मागे पाण्याच्या नळापाशी उकिडवे बसलेले. नळ कुणी बसवला, किती चुकीचा बसवला, यावर दोघांचं एकमत होतं.

परतीच्या सकाळी विमानतळावर आम्हाला मॉरिसने सोडलं. त्याच्या गाडीत पिसं होती आणि खिडकी वर जात नव्हती. सगळ्या वाटेत तो गुडघेदुखीबद्दल बोलत होता, औषधाचा फरक पडत नाही म्हणून डॉक्टरांना शिव्या घालत होता. डोरीनने त्याला एरंडाच्या तेलाची पट्टी बांधायला सांगितलं. त्याने तिला ते दोनदा नीट समजावून सांगायला लावलं. विमानतळापाशी पिशव्या उतरवून झाल्यावर तो खिशात हात घालून उभा राहिला.

"नाताळला या," तो म्हणाला. "क्लेमच्या घरात उतरू नका. त्याचे पलंग खराब आहेत. माझ्याकडे वरची खोली रिकामी असते."

"येऊ," मी म्हणालो.

"नक्की?"

"अहो नक्की," डोरीन म्हणाली, आणि त्याच्या कोटाला चिकटलेलं एक पीस तिने काढून टाकलं.